तुझ्या ब्लाउजला उशीर का झाला

ती. ताईस,

धाकट्याचा नमस्कार. एरवी मी 'वाकून नमस्कार' लिहितो, या वेळी नुसताच लिहिला आहे, कारण सध्या मला वाकता येत नाही. मान ताठ झाली आहे. (गर्वाने नव्हे, टाक्यांनी. ते पुढे येईलच.) तुझे गुडघे कसे आहेत? जिना चढताना कुरकुरतात असं मागच्या पत्रात लिहिलं होतंस, आणि त्यावरचा इलाज म्हणून जिना चढणंच बंद केलंय असंही लिहिलं होतंस. हा तुझा जुनाच इलाज. दात दुखला तेव्हा त्या बाजूने चावणं बंद केलंस, कान वाजायला लागला तेव्हा घड्याळ दुसऱ्या खोलीत हलवलंस. डॉक्टरचं तोंड मात्र बघितलं नाहीस. भावोजींचा खोकला बरा असेल. आम्ही इथे खुशाल. म्हणजे तुझी भावजय खुशाल आहे आणि मी तिच्यासोबत आहे.

तुझं पार्सल पोचलं. तिन्ही कापडं चांगली आहेत. निळं आटणार आहे, ते पाण्यातून काढल्याशिवाय कापता येत नाही. मापाचा ब्लाउज मिळाला. सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंयस की मागचा गळा आणखी दोन बोटं वर घे, कडा टोचते. अगं, मागच्या खेपेला दोन बोटं वर घेतला, त्याच्या आदल्या खेपेलाही दोन बोटं. असंच चाललं तर पुढच्या वर्षी तुला बाहेर बघायला ब्लाउजला काजं करावी लागतील. ते असो. सांगायचं ते हे की ब्लाउज अजून शिवून झालेले नाहीत. सख्खा भाऊ शिंपी असून आपल्याला परक्यासारखं नंबर लावून बसावं लागतं असं तू भावोजींना म्हणाली असशील, आणि ते हो म्हणाले असतील, कारण त्यांना दुसरं काही म्हणायची सवय नाही. पण कारण ऐकलंस की तुझा राग जाईल. (जरा थांब. इस्त्री बंद केली की नाही ते बघून येतो.)

बंद आहे. तर त्याचं असं झालं. तुझ्या भावजयीने कुठेतरी एका डॉक्टरचं भाषण ऐकलं. अंगावरचे तीळ अधूनमधून तपासावेत, एखादा वाढतोय, रंग बदलतोय असं वाटलं तर दाखवून घ्यावा, असं काहीतरी. दुसरं कुणी ऐकून सोडून दिलं असतं. ही बाई तशी नाही. त्याच दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून तिने मला शर्ट काढायला लावला. आता माझी पाठ तुला माहीत आहेच. लहानपणी तू पेनाने माझ्या पाठीवरचे तीळ जोडून बदकं काढायचीस, आणि आंघोळीच्या वेळी आईचा मार मी खायचो. तुझ्या पाठीवर मेला एकच तीळ, खांद्याच्या खाली, पण त्याचा केवढा तोरा. मी बदकाची परतफेड करायला गेलो की म्हणायचीस, एका ठिपक्याचं काय काढणार? मला तेव्हा ते उत्तर बिनतोड वाटायचं.

तर भावजय म्हणाली, तुमच्या पाठीचा नकाशा करायचा. कुठला तीळ कुठे, केवढा, सगळं मांडून ठेवायचं, म्हणजे पुढच्या खेपेला फरक कळतो. कल्पना चांगली होती. पण शिंप्याच्या घरात पाठ म्हटली की काय आठवणार? माझ्या शर्टाच्या पाठीचं पेपर कटिंग भिंतीला खिळ्यावर लटकलेलं असतं, तेच तिने काढलं. तुला सांगायला नको, तू बाबांच्या दुकानात वाढलीस, पण तू हे भावोजींना वाचून दाखवशील म्हणून लिहितो: पाठ कापताना कापड दुमडतात आणि घडीवर कागद ठेवतात, तो असतो अर्ध्याच पाठीचा. कात्री एकदाच चालते, कापड उलगडलं की पूर्ण पाठ. तर तिने तो अर्धा कागद आधी माझ्या डाव्या बाजूला धरून तिकडच्या तिळांच्या खुणा केल्या, मग तोच कागद उलटवून उजव्या बाजूला धरला आणि तिकडच्याही त्याच्यावरच उतरवल्या. त्याच पेन्सिलीने. आम्हा दोघांनाही यात काही चुकतंय असं वाटलं नाही. जन्मभर अर्ध्या कागदावर पूर्ण पाठी कापल्या, अर्धी पाठ घेऊन एकही गिऱ्हाईक परत आलं नाही.

सहा-सात महिने गेले. परवा परवा तिने पुन्हा शर्ट काढायला लावला, कागद लावला, टेप लावला, पुन्हा एकदा लावला. मग म्हणाली, हा इथला तिप्पट झालाय. ताई, पाठीमागे उभी राहून बायको असं म्हणाली की माणसाला स्वतःच्याच पाठीची भीती वाटते, कारण ती बघता येत नाही. मी ट्रायलच्या आरशात वाकडा होऊन, तिरका होऊन बघितलं, हातातला आरसा धरून बघितलं. काही दिसेना, कंबर मात्र लचकली. रात्री उताणा झोपलो तर वाटे तीळ दबतोय, पालथा झोपलो तर वाटे त्याला मोकळं रान मिळतंय. बँडमास्तर (शाळेच्या बँडचे गणवेश आपल्याकडे असतात, तोच) कोट घालून बघायला आला होता, त्याच्याजवळ बोललो. तो म्हणाला, घोड्याच्या शेपटीचा केस बांधा, तीळ आपोआप गळून पडतो. मी म्हटलं, घोडा कुठून आणू? तर म्हणाला, मी केस सांगितला, घोडा नाही.

शेवटी कातडीच्या डॉक्टरकडे गेलो. बाहेरच्या खोलीत भिंतीवर तिळांचे फोटो लावलेले, एकेक ताटाएवढा. बसल्या बसल्या मी सगळे वाचून काढले आणि त्यातलं सगळंच मला झालंय अशी माझी खात्री झाली, गरोदरपणात येणाऱ्या डागांसकट. डॉक्टरीणबाई तरुण आहेत. (आपल्या वयाला आता सगळेच डॉक्टर तरुण दिसतात.) हुशार असाव्यात, पण अंगातला कोट कुणी शिवला कोण जाणे. उजवा खांदा उतरलेला, बाही लावणाऱ्याला गाडी पकडायची असावी. मी आत शिरलो तो त्या खांद्याकडेच बघत, त्यामुळे त्या काय विचारत होत्या ते मला दोनदा ऐकू आलं नाही.

भावजयीने पिशवीतून पेपर कटिंग काढून टेबलावर पसरलं आणि पेन्सिलीच्या टोकाने तो तिप्पट झालेला दाखवला. बाईंनी कागद बघितला, माझी पाठ बघितली, पुन्हा कागद बघितला. म्हणाल्या, याची दुसरी बाजू कुठे आहे? भावजय म्हणाली, तीच की, उलटवायची. बाईंनी कागद उलटवला. मग खुर्ची ओढून बसल्या आणि शांतपणे विचारलं, म्हणजे हा ठिपका डावीकडचा की उजवीकडचा? तेव्हा कुठे आम्हा दोघांच्या डोक्यात प्रकाश पडला. पहिल्यांदा खूण केली होती ती डावीकडच्या बारक्या तिळाची. या वेळी टेप लावला तो उजवीकडच्या मोठ्याला, जो माझ्या जन्मापासून तेवढाच आहे, बदकाचा डोळा. घडीवर दोन्ही एकाच जागी येतात, म्हणून उजवीकडच्याची वेगळी खूण झालीच नव्हती. तीळ वाढला नव्हता, आम्ही एकाचा माल दुसऱ्याच्या मापाने मोजला होता. बाई हसल्या नाहीत, हे त्यांच्या शिक्षणाचं कौतुक. बाहेर बसलेली नर्स मात्र हसली.

मी लगेच शर्ट चढवायला घेतला. बाई म्हणाल्या, आलाच आहात तर सगळं अंग बघते. आणि खरंच सगळं बघितलं. केसांत, कानांमागे, नखांखाली, पायाच्या बोटांच्या बेचक्यांत. हातात एक दिवा लावलेलं भिंग, ते एकेका तिळावर ठेवायच्या आणि बोलत राहायच्या. सांगत होत्या की चांगला तीळ मधोमध दुमडला असं मनात धरलं तर दोन्ही बाजू जुळतात, कडा साफ असते, रंग एकच असतो. मी म्हटलं, अहो, हे तर आमचंच शास्त्र. भावजयीला एवढा आनंद झाला की कागदाची लाज ती विसरूनच गेली. बदकाच्या डोळ्यावर भिंग ठेवून बाई म्हणाल्या, हा सज्जन आहे. (पुन्हा उठून आलो. इस्त्री बंदच आहे. का कोण जाणे, आज सारखं वाटतंय.)

मग त्या म्हणाल्या, हे काढा. मला कळेना काय काढायचं राहिलंय. अंगावर चड्डी होती, तेवढी माणसाच्या अंगावर असावी. त्यांनी मानेकडे बोट केलं. ताई, माझ्या गळ्यात टेप होता. दुकानातून निघताना तसाच राहिला होता, शर्ट काढतानाही मी तो डोक्यावरून सरकवून पुन्हा गळ्यात घातला होता, आणि हे माझ्याही लक्षात नाही, भावजयीच्याही नाही. टेप आता मला अंगाचाच भाग वाटतो. बाईंनी तो दोन बोटांनी उचलला, भिंग ठेवलं आणि बोलायच्या थांबल्या.

आपल्या धंद्यात बडबडं गिऱ्हाईक कापड हातात घेऊन गप्प झालं की समजायचं, त्याला दोष सापडला. मी समजलो. मानेवर मागे, बरोबर टेपच्या खाली, एक तीळ होता. भावजयीने त्या टेपने माझी सगळी पाठ मोजली होती, पण पाठीचा कागद गळ्यापाशी संपतो आणि मोजून झालं की टेप पुन्हा मानेवर, म्हणून तेवढी जागा कुणाच्या नजरेलाच पडली नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच. बाईंनी भावजयीला जवळ बोलावून भिंगातून दाखवलं. ती नंतर म्हणाली, दुमडला तर दोन बाजू जुळत नव्हत्या हो, आणि कडा बोथट कात्रीने कापल्यासारखी होती. हे सांगताना तिचा आवाज तिच्या नेहमीच्या आवाजासारखा नव्हता.

बाई म्हणाल्या, काढून तपासायला पाठवू. त्याच आठवड्यात काढला. पालथं झोपवलं, मानेत सुई दिली, जागा बधिर झाली. दुखत काही नाही, पण ऐकू येतं. कात्रीचा आवाज मी जन्मभर ऐकतोय, पण कापडाच्या जागी पडून कधी ऐकला नव्हता. मी आपला उशीत तोंड घालून बाईंना बोलत ठेवत होतो. विचारलं, किती सोडून कापता? म्हणाल्या, तिळाच्या भोवती थोडी चांगली कातडीही घेतो. म्हटलं बरोबर, आम्हीही शिवणीसाठी माया ठेवतो. टाके घालताना विचारलं, सलग का नाही घालत, लवकर होईल. म्हणाल्या, आमच्यात प्रत्येक टाक्याला वेगळी गाठ, एक सुटला तरी बाकीचे धरतात. हे मला पटलं. कोटाच्या खांद्याचं तेव्हाच सांगणार होतो, पण त्यांच्या हातात सुई होती. झाल्यावर भावजयीला आत बोलावलं. तिने टाके बघून, जरा लांब आहेत पण ओढलेले नाहीत, असं मत दिलं. कातडीचा तो तुकडा बाटलीत घालून, नाव लिहून पाठवला. घरात कुणाला असं काही झालं होतं का, असं बाईंनी विचारलं. मी म्हटलं, बाबा तर आंघोळीला जातानाही सदरा घालून जायचे, त्यामुळे सांगता येत नाही. भावंडं किती? एकच बहीण, मी म्हटलं, ती ठणठणीत आहे. तेव्हा भावजय खोकली. तिला सर्दी असावी.

तर रिपोर्ट यायचा आहे, आणि तोवर माझं हे असं चाललंय. बसवत नाही, उभं राहवत नाही. टेप मानेवर ठेवायचा नाही अशी सक्त ताकीद आहे, त्यामुळे तो मी मनगटाला गुंडाळतो आणि दर पाच मिनिटांनी मानेवर हात नेऊन शोधतो, टाके दुखतात, मग आठवतं. पहारेकऱ्यांच्या शर्टांची ऑर्डर होती, त्यातल्या एकाला मी दोन्ही बाह्या डाव्या लावल्या. एकाचा खिसा वरून शिवून टाकला, तोही इतक्या सफाईने की भावजयीला वाटलं नवीन पद्धत आहे. बँडमास्तरच्या दुसऱ्या कोटाचं पुढचं कापड मी उलटं ठेवून कापलं, आता तो कोट फक्त आरशात बरोबर दिसेल. शेवटी भावजयीने माझ्या हातातून कात्री काढून घेतली आणि मला बटणं लावायला बसवलं. म्हणून तुझे ब्लाउज राहिले. एवढंच कारण. (फोन वाजल्यासारखा वाटला म्हणून उठलो होतो. वाजला नव्हता. येता येता इस्त्रीही बघितली.)

बाकी विशेष काही नाही. काळजी करू नकोस. गुडघ्याला तेल लाव. भावोजींना नमस्कार. लोभ तुझा आहेच, तो असावा म्हणून वेगळं लिहीत नाही.

तुझा,
धाकटा

ता. क. रिपोर्ट यायचा आहे असं वर लिहिलं, ते खरं नाही. मी हे पत्र लिहायला बसलो त्याच्या आदल्या दिवशी आला. वाईटातला निघाला. त्याचं नाव लांबलचक आहे, ते लिहून तुला घाबरवत नाही, पण कर्करोग म्हणतात तोच, कातडीतला. बाई म्हणतात अगदी वरच्या वर होता, खोल गेला नव्हता, वेळेवर सापडला. भोवतालची आणखी थोडी कातडी काढतील, मग ठरावीक दिवसांनी तपासायला जायचं. म्हणजे अर्ध्या कागदाची चूक झाली नसती तर आम्ही तिथे गेलोच नसतो. भावजय आता ती चूक मुद्दाम केल्यासारखी सांगत सुटली आहे, आणि मी तिला सांगू देतो. तू रडू नकोस.

आणखी एक ता. क. बाई म्हणाल्या, सख्ख्या भावंडांनीही अंग तपासून घ्यायला हवं. मी हो हो म्हणून घरी आलो. आता तुझ्या ब्लाउजबद्दल. उशिराचं कारण बाह्या नव्हेत, बटणंही नव्हेत. तुझं पार्सल आलं त्याच दिवशी माप घ्यायला मी ब्लाउज उलटा केला. मागच्या गळ्याच्या कडेला, उजव्या खांद्याच्या खाली, आतल्या बाजूने एक तपकिरी डाग आहे. मुगाएवढा. धुतलेला आहे, पण गेलेला नाही. मी आधी स्वतःला सांगितलं की चहाचा असेल. पण पाठीवर, आणि तेही आतून, चहा सांडणारी बाई मी अजून पाहिलेली नाही. मग आठवलं की मागच्या खेपेच्या ब्लाउजलाही होता, आणि मी तो कडेचा रंग उतरला असेल म्हणून सोडून दिला होता. दोन बोटं वर, आणखी दोन बोटं वर. कडा टोचत नाही, ताई. कडा जिथे लागते तिथे तुझा तो एकुलता एक तीळ आहे, आणि त्यातून रक्त येतं, आणि तू त्याच्यावर ब्लाउज ओढून घेतेस. तुला नुसतं हेच लिहिलं असतं तर तू म्हणाली असतीस, आपल्या घरात कातडीचं कुणाला काही झालेलं नाही. आता झालंय. म्हणून आधी माझं सगळं लिहिलं. मला भीती वाटते. माझी नाही, तुझी. इकडे ये. गुडघ्यांचं निमित्त सांगू नकोस, दवाखाना तळमजल्यावर आहे. कापडं पाण्यातून काढून, वाळवून, घडी घालून ठेवली आहेत, पण तू येऊन दाखवेपर्यंत मी त्यांना कात्री लावणार नाही, आणि मागचा गळा तर आता एक दोरासुद्धा वर घेणार नाही.

वन्सं, हे माझ्या हातचं आहे. ह्यांनी आणखी चार ता. क. लिहिले असते म्हणून कागद ओढून घेतला. गुरुवारची वेळ तुमच्या नावाने घेतली आहे. भावोजींशी फोनवर बोलले आहे, ते तुम्हाला घेऊन निघतील, आणि या खेपेला तुम्ही नाही म्हणालात तरी निघतील असं त्यांनी स्वतः म्हटलं आहे. पेपर कटिंग मी नेणार नाही. ह्यांनी काय काय लिहिलंय ते वाचलं. निम्मं खरं आहे. तुमचा तो मापाचा ब्लाउज मी पुन्हा एकदा धुवायला टाकत होते तर ह्यांनी हातातून हिसकावून घेतला, डॉक्टरांना दाखवायचा म्हणाले. बटणांचा खण रिकामा करून त्यात कागदात गुंडाळून ठेवला आहे, आणि पुन्हा पुन्हा उठून, खण उघडून, उजेडात धरून तो डाग बघतात. इस्त्री बघायला जातो म्हणतात ते तिकडेच. इस्त्री सोमवारपासून दुरुस्तीला गेलेली आहे. बटणं सध्या वाटीत आहेत. या.